दोन साडूंचा एक कॅमेरा

माणसाला स्वस्थता नकोशी झाली असेल तर त्याने कॅमेरा घ्यावा. घेऊनही थोडीफार स्वस्थता उरलीच, तर तो बदलायचं मनात आणावं. अलेक्झांड्रियात मुहर्रम बेक भागातल्या शाळेत भूगोल शिकवणारे शुक्री मास्तर नोव्हेंबरच्या अखेरीस या दुसऱ्या पायरीवर उभे होते. उभे होते हे आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात ते बैठकीतून गॅलरीत आणि गॅलरीतून बैठकीत सारख्या येरझाऱ्या घालत होते, आणि हातातला चहा प्रत्येक फेरीगणिक थोडा बशीत, थोडा गालिच्यावर वाटत होते.

त्यांचा कॅमेरा शिकाऊ माणसाचा होता. त्यासोबत आलेली लेन्सही शिकाऊच. दोघांत इतकी एकी होती, की चूक कोणाची ते कधी कळत नसे. समुद्राचा फोटो काढला तर आभाळ यायचं, माणसाचा काढला तर मागचं कपाट. आता यातलं एक बदलायचं होतं. बॉडी, म्हणजे मागचा डबा, बदलावी आणि जुनी लेन्स चालवून घ्यावी, की लेन्स चांगली घ्यावी आणि जुन्या बॉडीवर दिवस काढावेत? दोन्ही घ्यायची ऐपत असती तर प्रश्नच नव्हता. ऐपत असलेल्यांना असले खोल प्रश्न पडत नाहीत.

या विचाराला तोंड फुटलं ते एका शुक्रवारी, सासऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर. सासरे म्हणजे हाज्ज सिर्री. हयातभर बंदरात मोठी जहाजं आत आणायचं वाटाड्याचं काम केलेला माणूस. बोलणं मोजकं, आणि तेही परदेशी कप्तानाला दिलेल्या हुकमासारखं. सासूबाई, हाज्जा इनायत, यांची त्या दिवशी तक्रार अशी होती, की दिवाणखान्याच्या भिंतीवर सगळं खानदान लटकलंय, फक्त घरधनीच नाहीत. एका मावशीचं मांजरसुद्धा चौकटीत बसलेलं होतं. हाज्जना पूर्वी एकदा ओढून स्टुडिओत नेलं होतं, पण तो फोटो पाहून सासूबाईच म्हणाल्या होत्या, की हा तर कुणीतरी पेन्शन अडकलेला गृहस्थ दिसतोय.

हाज्जनी माशाचा काटा शांतपणे बाजूला काढला, भाताचा घास गिळला आणि निकाल दिला.

“कासिमच्या दिवशी मी धक्क्यावर असतोच. ज्याला काढायचाय त्याने तिथे येऊन काढावा. मी हसणार नाही, मान वळवणार नाही, दोनदा उभा राहणार नाही. बरा आला तर भिंतीवर लावू.”

कासिम म्हणजे कुणी माणूस नव्हे, वादळ. या गावात सणावारांसारखी हिवाळ्याची वादळंही नावानिशी कॅलेंडरात छापलेली असतात, आणि कासिमची तारीख चार डिसेंबर. त्या दिवशी गावातले शहाणे लोक मसुराचं सूप करून घरात बसतात. हाज्ज सिर्री आपल्या घराजवळच्या अन्फूशीच्या दगडी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहतात. समुद्राची उलटतपासणी घेतल्यासारखे.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मास्तरांचे साडू बसले होते, इंजिनियर मिदहत. भावाभावांत इस्टेटीवरून भांडण होतं. साडूंना वाटून घ्यायला इस्टेट नसते, म्हणून ते उरलेल्या सगळ्यावरून भांडतात. मिदहतचा रिवाज ठरलेला होता. शुक्री मास्तर जे घेतील, त्याच कंपनीचं, पण एक नंबर मोठं घ्यायचं. फ्रिज तसा, पंखा तसा, आणि आता कॅमेराही तसाच. त्याने आपली नवी बॉडी टेबलावर ठेवली, तेव्हा कोशिंबिरीचा वाडगा सरकवून जागा करावी लागली.

“मास्तर,” तो म्हणाला, “फोटो बॉडी काढते. पुढे असते ती नुसती काच.”

सासूबाईंनी आधी भिंतीकडे पाहिलं आणि मग मिदहतकडे. ती एक नजर मास्तरांच्या खाती कायमची नावे पडली. मोठे जावई ते, पण त्या दिवाणखान्यात घड्याळ मिदहतचं, झुंबर मिदहतचं. मास्तरांनी हौसेने दिलेला पृथ्वीगोल स्वयंपाकघरात फ्रिजवर होता आणि उत्तर ध्रुवावर लसणाची जुडी टांगलेली होती. आता भिंतीवरचे हाज्जही मिदहतचेच झाले, तर पुढे उभा जन्म दर शुक्रवारी त्या फोटोखाली बसून मासे खावे लागणार होते.

मास्तरांनी सल्ला घ्यायला सुरुवात केली. घ्यायला म्हणजे काय, या गावात सल्ला मागावा लागत नाही, फक्त दार उघडं ठेवावं लागतं. तळमजल्यावरचे औषधवाले डॉक्टर वदीअ यांनी लेन्सचा पक्ष घेतला. डोळ्यात मोतीबिंदू असेल तर पैलवानाच्या देहाचा काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. ते त्यांनी तीन गिऱ्हाइकांना तिष्ठत ठेवून, खोकल्याच्या बाटल्यांची उदाहरणं देत पटवलं. चौथ्या मजल्यावरच्या उम्म लुत्फींनी या दोन्हींत न पडता कॅमेराच विकून बाथरूमची गळती काढावी असं सुचवलं, कारण गळती मास्तरांच्या बाथरूमची होती आणि छत उम्म लुत्फींचं.

मास्तरांनी लेन्स घ्यायचं ठरवलं. अत्तारीनच्या जुन्या बाजारात मुअल्लिम बयूमी म्हणून दुकानदार होता. त्याच्याकडे राजवाड्यातल्या खुर्च्यांपासून दातांच्या कवळीपर्यंत सगळं मिळे. त्याने एक हातभर लांब लेन्स कपाटातून काढली, फुंकर मारली आणि म्हणाला, “घेऊन जा मास्तर, पैशाचं काय, तुमचंच दुकान आहे.” नंतर त्याने सांगितलेल्या किमतीवरून दुकान मास्तरांचं नाही हे स्पष्ट झालं. शिल्लक गेली, आणि वर जुनी छोटी लेन्सही द्यावी लागली. पण घरी येताना मास्तर मुलगा झाल्यासारखे चालत होते.

लिफ्ट बंद होती. मास्तर पाच मजले चढून गॅलरीत पोचतात न पोचतात तोच खालून डॉक्टर वदीअंनी हाक मारली, की बघू तरी काय आणलं. पुन्हा पाच मजले उतरायचं त्राण मास्तरांत नव्हतं. त्यांनी सगळं गाव जे करतं तेच केलं. गॅलरीतली दोरीची टोपली घेतली, लेन्स टॉवेलात गुंडाळून तीत ठेवली आणि हळूहळू खाली सोडली. त्याच वेळी भाजीवाल्याची गाडी दारात आली. पाचव्या मजल्याची टोपली खाली आलेली त्याने पाहिली आणि नेहमीचे बटाटे तीत ओतून, खालून दोन झटके देऊन, “ओढा,” म्हणून ओरडला.

लेन्स वाचली. मात्र तिच्या कड्यात माती गेली आणि त्या दिवसापासून ती फिरवली की जात्यावर दळण घातल्यासारखा आवाज येऊ लागला. मास्तरांच्या बायकोने, नगवाने, बटाटे पाहून एवढंच म्हटलं, की इतक्या महागाचे बटाटे तिने आजवर कुणाच्या घरी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मास्तर सराव म्हणून समुद्रकाठच्या रस्त्यावर गेले. ती हातभर नळी त्यांनी पाण्याकडे रोखली, आणि मागून खांद्यावर एक हात पडला. हवालदार सभ्य होता. त्याचं म्हणणं एवढंच, की छोट्या कॅमेऱ्याने काढा हवे तेवढे, पण एवढ्या लांबून बघणारा माणूस काय बघतोय हे सरकारला ठाऊक असलेलं बरं. परवाना काढा.

परवान्याच्या कचेरीत खिडकीमागे एक बाई मुलुखियाच्या भाजीची पानं निवडत बसल्या होत्या. देठ एकीकडे, पानं एकीकडे, अर्ज मधोमध. अर्जात ‘कॅमेऱ्याचा क्रमांक’ असा रकाना होता. मास्तरांनी कॅमेरा पुढे केला. बाईंनी बॉडीच्या तळाशी एक क्रमांक वाचला, लेन्सच्या कडेला दुसरा वाचला आणि निवडायचं थांबवलं.

“यातला कॅमेरा कुठला?” त्यांनी विचारलं.

ज्या प्रश्नाने मास्तरांची दोन आठवडे झोप उडवली होती, तोच सरकारने छापील रकान्यात मांडलेला पाहून त्यांना गहिवरून आलं. कचेरीत चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, नळी. दुसरा म्हणाला, डबा. चहा आला. शेवटी आतल्या खोलीतून साहेब आले. त्यांनी दोन्ही भाग वेगळे करवले, दोन हातांत धरले, वजन केल्यासारखे वरखाली केले आणि निर्णय दिला, की ज्याला बटण आहे तो कॅमेरा. बाईंनी बॉडीचा क्रमांक लिहिला. लेन्सला सरकारदरबारी अस्तित्वच उरलं नाही.

परवाना खिशात घालून मास्तर बाहेर पडले, पण मन पार उखडलं होतं. साक्षात सरकार मिदहतच्या बाजूने बोललं होतं. वाटेत दाढीला बसले, तर न्हावी मुतावेअही तेच बोलला. तोंडाला फेस लावलेल्या माणसाला वाद घालता येत नाही, याचा न्हाव्याइतका फायदा जगात कुणी घेत नाही. कात्री कितीही लखलखीत असली, तरी धरणारा हातच लुळा असेल तर गिऱ्हाइकाचा कान जातो, असं त्याने वस्तरा कानाजवळ आणून सांगितलं. मास्तरांना ते तत्क्षणी पटलं.

एक डिसेंबरला दुपारी ते पुन्हा बयूमीच्या दुकानात होते. बयूमीला दोन्ही पक्ष मान्य होते, फक्त गिऱ्हाईक आलं पाहिजे. लेन्स परत घ्यायला तो तयार नव्हता, दळणाचा आवाज ऐकून तर मुळीच नाही. पण तिला शोभेलशी बॉडी कैरोहून परवा येणार होती, आणि बाकीची रक्कम सवडीने चालली असती. अडचण इतकीच, की मास्तरांच्या जुन्या बॉडीला गिऱ्हाईक या घटकेला दुकानात उभं होतं, आत्ता दिली तर बरा भाव. मास्तरांनी मनाशी हिशेब केला. आज एक, परवा तीन, कासिम चारला. त्यांनी बॉडी देऊन टाकली. तिच्यासोबत परवानाही निकामी झाला, हे ट्राममध्ये बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

घरी नगवा गॅलरीतले कपडे घाईघाईने काढत होती. आभाळ शिशासारखं झालं होतं. अन्फूशीहून तिच्या आईचा फोन आला होता, की कोळ्यांनी होड्या ओढून वर घेतल्यात आणि हाज्जनी रबरी बूट धुवून ठेवलेत.

“अहो, बॉडी आजच्या आज परत आणा कुठूनतरी,” बॉडी दिल्याचं ऐकून ती म्हणाली. “हे वादळ चारपर्यंत थांबायचं नाही.”

“कासिम चार तारखेला येतो,” मास्तर म्हणाले. “गेली पंचवीस वर्षं मी हे पोरांना शिकवतोय. भूगोल मला शिकवू नकोस.”

कासिमचा भूगोल कच्चा होता. तो दोन तारखेला सकाळी आला.

आधी समोरच्या गच्चीवरचं पाण्याचं पिंप गेलं, मग शेजारच्या दुकानाची पाटी, आणि मग फोन वाजला. हाज्ज बोलत होते. त्यांनी सांगितलं, की ते निघालेत, ज्याला यायचं त्याने यावं, आणि फोन ठेवला. मास्तरांनी बयूमीला फोन लावला. कैरोची गाडी वाटेत वाळूच्या वादळात अडकली होती, आणि जुन्या बॉडीचा नवा मालक बयूमीला ठाऊक नव्हता. मास्तर आपल्या बैठकीच्या मधोमध एक लेन्स पोटाशी धरून उभे राहिले. खोगीर आहे आणि घोडा विकलाय, अशा स्वारासारखे.

तरीही ते निघाले. का निघाले, हे नगवाने विचारलं नाही. तिने लेन्स आपल्या जाड ओढणीत गुंडाळली, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि त्यांच्या कोटाची वरची गुंडी लावून दिली. ज्या घरात बापाच्या भिंतीवरून आपल्या नवऱ्याचं वजन ठरतं, त्या घरच्या मुलीला काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

टॅक्सी एकच मिळाली, काळी-पिवळी, मास्तरांच्या वयाची. पायाखालच्या भोकातून पाणी कारंज्यासारखं आत येत होतं. पोटाशी काय धरलंय म्हणून ड्रायव्हरने विचारलं आणि प्रकरण कळल्यावर आपलं मत दिलं, की इंजिन धड असलं की बॉडीचं काही नसतं. हे त्याने म्हटलं आणि मागचा दरवाजा निखळून रस्त्यात पडला. मास्तरांनी भाडं दिलं आणि उरलेली वाट चालत काढली.

अन्फूशीला लाटा धक्क्यावरून उड्या मारून रस्त्यावर येत होत्या. दूर टोकाला, काळ्या कोटात, पाय रोवून, समुद्राकडे तोंड करून हाज्ज सिर्री उभे होते. त्या क्षणी मास्तरांना कळलं, की सासूबाईंना भिंतीवर कोण हवंय. घरातल्या सदऱ्यात हा माणूस आजारी दिसायचा. इथे तो असा उभा होता, की वादळच त्याच्याकडे परवानगी मागायला आलंय.

अलीकडे मासळीबाजाराच्या भिंतीच्या आडोशाला मिदहत उभा होता. चिंब. डोळ्याला कॅमेरा, तोंडाने पुटपुट. पायांत चिलखतासारखे बूट, अंगात परदेशी रेनकोट. मास्तर जवळ गेले तसा त्याने कॅमेरा झटकन खाली केला, पण मागच्या पडद्यावर फोटो मास्तरांना दिसला होता. अफाट समुद्र, अफाट आभाळ, आणि मधे मुंगीएवढं काहीतरी काळं.

“कोण आहे ते?” मास्तरांनी विचारलं.

“हाज्ज आहेत.”

“मला वाटलं, लेन्सवर माशी बसलीय.”

मिदहतने सगळे पैसे बॉडीत घातल्यावर पुढे तीच ती शिकाऊ काच उरली होती. पुढे जाऊन जवळून काढायची सोय नव्हती, लाट सरळ उचलून घेऊन गेली असती. त्याने मास्तरांच्या पोटाशी धरलेल्या गाठोड्याकडे पाहिलं.

“तुमचा कॅमेरा कुठाय, मास्तर?”

मास्तरांनी ओढणी सोडली. हातभर लेन्स बाहेर आली आणि मागे रिकामी जागा.

बराच वेळ दोघांपैकी कुणी हसलं नाही, ही गोष्ट त्यांच्या जमेला धरली पाहिजे. मग मिदहतने हात पुढे केला आणि मास्तरांनी लेन्स मागे घेतली. द्यायला हरकत नव्हती, पण फोटो कुणाचा म्हणायचा, ते आधी ठरलं पाहिजे. मिदहत म्हणाला, बॉडी माझी, बटण माझं, सरकारही तेच म्हणेल. सरकार तेच म्हणालंय हे मास्तरांनी त्याला कळू दिलं नाही. ते म्हणाले, या काचेशिवाय तुझ्या बॉडीला सासरा आणि माशी यांतला फरक कळत नाही. वाऱ्यामुळे दोघांना ओरडून बोलावं लागत होतं, म्हणून साध्या गोष्टीही भांडणासारख्या वाटत होत्या. ज्या भांडणाच्याच होत्या त्या तर विचारू नका. त्यात फ्रिज आला, पंखा आला, झुंबर आलं. पृथ्वीगोलही आला.

“तो फ्रिजवर मी ठेवला नाही,” मिदहत ओरडला. “मी तर तो दिवाणखान्यात मागत होतो. माझ्या पोरांना तुम्हीच तर नकाशे शिकवलेत.”

हे मास्तरांना नवीन होतं. त्यांनी लेन्स पुढे केली.

रेनकोटाचा तंबू करून दोघांनी आत डोकी घातली. जुनी लेन्स निघाली, नवी बसली, दळणाचा आवाज झाला, मिदहतने भुवया उंचावल्या आणि मास्तरांनी बटाट्यांचा विषय काढायचा नाही असं ठरवलं. बाहेर आल्यावर मात्र नवीच पंचाईत झाली. लेन्स जड, म्हणून मास्तरांनी ती खालून धरली. बॉडी मिदहतच्या हातात. डोळा लावायची जागा एक, आणि डोकी दोन. मास्तर म्हणत, आता. मिदहत म्हणे, थांबा. मिदहत म्हणे, आता, तेव्हा मास्तर कडं फिरवत असत. दोघे तिथल्या तिथे गोल फिरत होते आणि कॅमेऱ्यात एकदा समुद्र येई, एकदा मासळीबाजार.

अशा गडबडीत त्यांनी पुन्हा नेम धरला, तेव्हा धक्क्याचं टोक रिकामं होतं.

कॅमेरा मिदहतच्या हातात सोडून मास्तर लाटेत धावायला निघाले. त्यांना पोहता येत नव्हतं आणि हे त्यांना तीन पावलं गेल्यावर आठवलं, तरी ते थांबले नाहीत. चौथ्या पावलाला भिंतीच्या वळणाआडून हाज्ज सिर्री त्यांच्या अंगावर आले. भिजलेले, पण दोन्ही पायांवर, आणि चेहऱ्यावर जहाज उशिरा आणणाऱ्या कप्तानाकडे बघायची जुनी नजर.

“झालं का तुमचं?” त्यांनी विचारलं.

दोघांनी माना खाली घातल्या. दोनदा उभा राहणार नाही, हे हाज्जनी आधीच सांगितलं होतं. आणि शब्द फिरवण्यापेक्षा त्यांनी जहाज खडकावर घातलं असतं.

हाज्जनी हात पुढे केला. मिदहतने कॅमेरा दिला. म्हाताऱ्याने तो उलटसुलट पाहिला, दुर्बीण धरायची सवय असलेल्या हाताने लेन्सखाली तळवा लावला आणि पावलामागून पाऊल टाकत बराच मागे गेला.

“तिथेच थांबा,” तो ओरडला. “लांब लांब कशाला? जवळ उभे राहा.”

दोघे अर्धी वीत सरकले. एवढ्यात मागून धक्क्यावरून लाट आली, आणि दोघांनी जीव वाचवायला हाताला लागेल ते धरलं. हाताला एकमेकांचा साडूच लागला. हाज्जनी बटण दाबलं, कॅमेरा मिदहतच्या गळ्यात घातला आणि सूप गार होतंय म्हणून घराकडे चालू लागले.

पुढच्या शुक्रवारी फोटो भिंतीवर होता. सासूबाईंनी तो मांजराच्या जागी लावला होता. मागे उभी फुटलेली लाट, पुढे दोन प्रौढ गृहस्थ एकमेकांच्या गळ्यात पडलेले, तोंडं वासलेली, मास्तरांचा चष्मा एका कानावर. त्यात इतकं स्पष्ट दिसत होतं, की मिदहतच्या दाढीतला थेंबन् थेंब मोजून घ्यावा. तो पाहून सासूबाई ओढणीने डोळे पुसून पुसून हसल्या. त्यांना हाज्जचा फोटो हवा होता, याची नगवाने आठवण करून दिली, तेव्हा हाज्ज म्हणाले, की मी घरात रोजच दिसतो, हे दोघे असे पुन्हा दिसायचे नाहीत.

जेवण झालं. पाहुणे दिवाणखान्यात आले. चहा फिरत होता. मास्तर उगाच उठले आणि चौकट सरळ करायच्या निमित्ताने भिंतीजवळ गेले. थेंब नीट पाहिले. ही धार काचेची होती, यात शंकाच नव्हती. मनातल्या मनात त्यांनी तशी नोंद केली. इतक्यात मिदहतही आला आणि फोटोतल्या काळ्या आभाळावर बोट ठेवून पुटपुटला, की एवढ्या अंधारात दुसऱ्या कुठल्या बॉडीने हे टिपलं असतं, सांगा. मास्तर म्हणाले, आभाळ सोड, तुझी दाढी बघ. मिदहत म्हणाला, दाढी आहे तशीच आहे, आभाळ बघा. दोघे खांद्याला खांदा लावून, नाकं काचेला टेकवून उभे राहिले.

“पोरांनो,” मागून हाज्ज सिर्रींचा आवाज आला, “बाजूला व्हा जरा. लोकांना फोटो दिसत नाहीये.”